सव्वीस जणांचा ना-हरकत दाखला

संयोगिता मगदूमनं सव्वीस पुरुषांसोबत संसार केला आहे, असं काडेपेटीएवढ्या एका डबीनं सांगितलं आणि त्यावर विश्वास ठेवला गेला. संयोगिताला कुणी विचारलंसुद्धा नाही. माणसाला विचारायचे दिवस संपलेत. आता त्याच्या कातडीला विचारतात.

तिला लग्न करायचं होतं ते एकाच पुरुषाशी. त्याचं नाव ओकान. तुर्कस्तानात एदिर्ने शहराच्या अलीकडं एक लहान गाव आहे, तिथला. पैलवानांचे खांदे आणि गुडघे जागेवर बसवणं हा त्याचा धंदा. दोन वर्षांपूर्वी तिकडच्या कुस्तीच्या एका सराव शिबिरात संयोगिताचा खांदा निखळला, तो त्यानं बसवला. बसवताना ती ओरडली नाही म्हणून तो प्रेमात पडला. बसवून झाल्यावर त्यानं शहाणपणा शिकवला नाही म्हणून ती पडली. पुढचं सगळं फोनवर. कानात दुभाष्या यंत्र अडकवून दोघं तासन्‌तास बोलायची. ते यंत्र तिच्या कोल्हापुरी शिव्यांचं भाषांतर इतक्या सभ्य तुर्कीत करायचं, की ती फार संस्कारी घरातली आहे असं ओकानच्या आईचं पक्कं मत झालं होतं.

लग्न तिकडंच करायचं ठरलं, कारण तिकडच्या क्लबात मुलींना कुस्ती शिकवायचं काम तिला जूनपासून मिळालं होतं आणि राहायचा परवाना लग्नाच्या दाखल्यावर अवलंबून होता. मे महिन्यातली तारीख मिळाली. मग कागद सुरू झाले. जन्माचा दाखला, त्यावर मुंबईचा शिक्का, त्या शिक्क्यावर दिल्लीचा शिक्का, सगळ्याचं तुर्की भाषांतर, त्या भाषांतरावर पुन्हा शिक्का. माणसं चंद्रावर घरं बांधायला निघालीत, पण दोन माणसांना एका घरात राहायचं असेल तर अजून शाई लागते.

अविवाहित असल्याच्या दाखल्यासाठी ती तलाठ्याकडं गेली, तर तो म्हणाला लग्न झालं नसल्याचा पुरावा आण. जे झालंच नाही त्याचा पुरावा कसा असतो, असं तिनं विचारलं. शेवटी शेजारची आक्का पंचनाम्याला आली आणि तिनं तलाठ्याला विचारलं, पोरीचं लग्न झालं असतं तर आम्ही जेवलो नसतो काय. तेवढ्यावर दाखला मिळाला. या सगळ्या प्रकरणात यापेक्षा शास्त्रीय पुरावा पुढं कुणी दिला नाही.

उरला होता एकच कागद. सहवास अहवाल.

*

याची गंमत अशी आहे. आपल्या कातडीवर अब्जावधी जिवाणू राहतात. बहुतेक निरुपद्रवी असतात आणि भाडंही देत नाहीत. एकाच प्रकारच्या जिवाणूचीही वेगवेगळी घराणी असतात. तुमच्या कोपराच्या खोबणीतलं घराणं आणि शेजाऱ्याच्या कोपरातलं घराणं एक नसतं. पण दोन माणसं एका छताखाली राहिली, एक टॉवेल, एक उशी, एकमेकांचा घाम असं चालू राहिलं, की ही घराणी मिसळतात. महिने जातात आणि नवरा-बायकोची कातडी एकमेकांची साक्ष द्यायला लागते. सख्खे भाऊ वेगळ्या शहरांत राहायला गेले तर त्यांच्यात जे साम्य उरत नाही, ते एका खोलीत राहणाऱ्या दोन परक्यांमध्ये येतं.

हे शास्त्रज्ञांना बरीच वर्षं माहीत होतं. फरक इतकाच झाला की जिवाणूंची घराणी वाचायला आधी मोठी प्रयोगशाळा लागायची, आता डबी लागते. नेस्टमार्क नावाच्या कंपनीनं ती बनवली. कानामागून आणि कोपरातून एक बोळा फिरवायचा, डबीत घालायचा, चहा पिऊन यायचं. तोवर डबी तुमची घराणी जगभरातल्या साठवलेल्या नमुन्यांशी ताडून बघते आणि तुम्ही कुणाकुणाबरोबर राहता ते सांगते. परवान्यासाठी खोटी लग्नं करणाऱ्यांना आणि एक बायको गावात ठेवून दुसरी परदेशात करणाऱ्यांना पकडायला देशोदेशीच्या कचेऱ्यांनी ती घेतली. पकडलेही बरेच. चांगली गोष्ट आहे. पण यंत्रानं दहा चोर पकडले की अकरावा साव असू शकतो हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

आता संयोगिताच्या गावच्या, आंबेसरवाडीच्या सव्वीस जणांचे नमुने त्या साठ्यात गेले कसे? तीन वर्षांपूर्वी पैलवानांमध्ये गजकर्णाची साथ आली होती. शिबिर भरलं, तालमीतल्या सगळ्यांच्या कातडीचे नमुने घेतले, प्रत्येकाला मलम आणि बिस्किटाचा पुडा दिला. नमुने कुठं जाणार हे एकानंही विचारलं नाही. विचारायचं असतं. आपण पुडा हातात पडला की अंगठा देतो.

संयोगिताचा नमुना कोल्हापुरातल्या मान्यताप्राप्त केंद्रात रेहाना मुजावरनं घेतला. रेहाना सूक्ष्मजीवशास्त्रात डॉक्टरेट करून बोळे फिरवत बसली होती, कारण आपल्याकडं डॉक्टरेटचं तेवढंच होतं. अहवाल बघून तिनं संयोगिताकडं बघितलं, मग परत अहवालाकडं. सहा वर्षांहून अधिक काळ, सव्वीस पुरुष, निकट सहवास. यादीत सगळ्यांत वर, सगळ्यांत जास्त साम्य असलेलं नाव होतं केरबा रानगे, वय अडुसष्ट.

रेहानानं कसलाही आव न आणता विचारलं, ही सगळी माणसं एकत्र कुठं असतात.

संयोगितानं यादी वाचली आणि तिला सगळं कळलं. पण ती काही बोलली नाही. ते सांगायचा हक्क तिचा एकटीचा नव्हता.

*

आंबेसरवाडीच्या तालमीच्या दारावर पाटी आहे. चपला व स्त्रियांनी बाहेर थांबावे. चपलांचं नाव आधी आहे.

आत हौद आहे, म्हणजे कुस्तीची लाल माती भरलेला चौकोनी खड्डा. ही माती नुसती माती नसते. तिच्यात तेल, हळद, लिंबू, ताक घालतात, फावड्यानं वरखाली करतात, ऊन लागू देत नाहीत, वाळली की शिंपतात. हे ताक संयोगिताच्या घरातून जायचं. तिचा बाप ती तिसरीत असताना गेला. आई वैशाली गावातलं दूध संकलन केंद्र चालवायची. ताकाची कळशी घेऊन पोर रोज भर दुपारी तालमीच्या दाराशी यायची, कारण दुपारी तिथं वस्ताद सोडून कुणी नसायचं.

केरबा वस्ताद. लग्न केलं नाही, लंगोटाचा पक्का अशी तीन तालुक्यांत ख्याती. तालमीच्या मागच्या खोलीत राहायचा. सोळाव्या वर्षी संयोगितानं त्याला दाराबाहेरूनच सांगितलं की सकाळी दारावरून जाताना बघितलं, तुमचा तो नवा पोरगा डावा पाय चुकीचा टाकतो. वस्तादानं बराच वेळ तिच्याकडं बघितलं. मग रस्ता बघितला. रस्त्यावर कुणी नव्हतं. त्यानं कळशी हातातून घेतली आणि तिला हौदात उतरवलं.

त्या दिवसापासून दुपारची तालीम तिची. गावाला माहीत होतं की मगदुमांची पोरगी जिल्ह्याच्या क्रीडासंकुलात गादीवर शिकते. शिकत होतीच. पण कुस्ती तिच्या अंगात भरली ती मातीत. यादीतल्या सव्वीसांपैकी वस्ताद सोडून पंचवीस जणांना तिनं कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं. ते सकाळ-संध्याकाळ घाम गाळून जायचे, ती दुपारी त्याच मातीत लोळायची. कोरड्या उन्हात कातडीवरचे जिवाणू मरतात. पण तेल-ताक पाजलेल्या, ओल धरून ठेवलेल्या, रोज माणसांच्या अंगानं घुसळलेल्या मातीत ते कणाकणाला चिकटून बिनधास्त नांदतात. हळदीनं मरायचे ते मरतात, उरतात ते चिवट. ती माती म्हणजे साऱ्या तालमीचं विरजण होतं. आणि रोज हातापायांनी ते घुसळणारा एकच माणूस होता, म्हणून त्याचं नाव वर. डबी बनवणाऱ्यांनी घरं तपासली होती, वसतिगृहं तपासली होती, सैनिकांच्या बराकी तपासल्या होत्या. तालीम नावाची जागा जगात असते हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

तिकडच्या लग्नकचेरीनं कळवलं की सव्वीस जणांनी, विवाहित असतील तर बायकोच्या सहीसकट, ना-हरकत दाखला द्यावा. आणि हा सहवास जिथं घडला त्या जागेच्या प्रमुखानं तो कसा घडला ते लिहून द्यावं. नाहीतर या सगळ्यांपासून वर्षभर लांब राहून नवीन अहवाल आणावा. वर्षभरानं काम राहणार नव्हतं, परवाना राहणार नव्हता.

संयोगिता दुपारी तालमीत गेली. वस्ताद माती उकरत होता. तिनं सगळं सांगितलं. त्यानं फावडं ठेवलं, यादी बघायला मागितली आणि पहिल्याच नावावर बोट ठेवून उभा राहिला. अडुसष्ट वर्षांच्या ब्रह्मचाऱ्याला लाजताना बघायची वेळ कुणावर येऊ नये.

तिनं मागितलं ते एवढंच, की मी मातीत होते असं लिहून द्या.

"ते सोडून काय बी माग, पोरी," वस्ताद म्हणाला.

तिनं कारण विचारलं नाही. कारण तिला माहीत होतं. तालमीच्या मंडळाचे अध्यक्ष उदयसिंह नलवडे. वस्तादानं मातीत बाई उतरवली हे कळलं तर ते त्याला त्याच दिवशी बाहेर काढतील, आणि त्या मागच्या खोलीशिवाय या माणसाला जगात दुसरं छप्पर नव्हतं. तिनं रिकामी कळशी उचलली, "येतो मी" म्हणाली, जसं कोल्हापूरकडच्या पोरी म्हणतात, आणि निघाली. दुसऱ्या दिवशी ताक आईनं दुसऱ्या कुणाबरोबर पाठवलं.

ओकानला तिनं सांगितलं की आपण वर्षभर थांबू. त्याचा स्वतःचा अहवाल कोरा होता. दिवसातून तीसदा जंतुनाशकानं हात धुणाऱ्या माणसाच्या अंगावर काय टिकणार. त्याचे वडील मात्र जुने तेलपैलवान. तिकडं अंगाला ऑलिव्हचं तेल चोपडून उघड्या माळावर कुस्ती खेळतात, आणि पैलवानाला पैलवानच म्हणतात, जरा वेगळ्या उच्चारानं. सव्वीसचा आकडा ऐकून म्हातारा मोकळेपणानं हसला आणि म्हणाला, माझ्या तरुणपणी ही डबी असती तर मी अख्ख्या जिल्ह्याची सून ठरलो असतो.

ओकान हसला नाही. तो म्हणाला, "वर्षभर मातीपासून लांब राहून तू कातडी कोरी करशील. मग मी लग्न कुणाशी करू?"

कानातल्या यंत्रानं हे एका सपाट आवाजात सांगितलं.

*

वर्षभर गप्प बसायचा बेत एका आठवड्यात मोडला, कारण डबीमागच्या यंत्रणेनं आपलं काम केलं. ना-हरकत मागायची तर ती यंत्रणा स्वतःच मागते, कुणाच्या परवानगीची वाट बघत नाही. एका सकाळी आंबेसरवाडीतल्या आणि आसपासच्या सव्वीस पुरुषांच्या फोनवर निरोप आला, आणि सरकारी नोंदीतून शोधून त्यांच्या बायकांच्याही. आपल्या पतीचा खालील युवतीशी दीर्घकाळ निकट सहवास आढळला आहे. हरकत असल्यास कळवावे.

त्या सकाळी गावात किती घरांतला चहा उतू गेला ते विचारू नका. एकाची गादी गोठ्यात गेली. एकाचा साखरपुडा थांबला. एकजण पुण्यात नोकरीला होता, त्याची बायको मुलाला घेऊन तडक एस.टी.नं आली. सत्तरी ओलांडलेल्या दादू चौगुलेच्या बायकोनं मात्र तो निरोप चार शेजारणींना कौतुकानं दाखवला. म्हाताऱ्याकडून तिला एवढी अपेक्षा नव्हती.

आणि संयोगिता? तिच्या बाबतीत गाव काय बोललं ते लिहायची गरज नाही. पुरुषांचं नाव आलं की चेष्टा होते, बाईचं आलं की निकाल लागतो. वैशालीच्या केंद्रावर दूध घालायला येणारी माणसं कॅन ठेवून तोंड न दाखवता जायला लागली. वैशालीनं फॅट मोजायचं यंत्र जोरात आपटलं आणि एकाला ऐकवलं की दुधात पाणी घालताना बरा समोर उभा राहत होतास.

नलवड्यांनी तालमीत बैठक बोलावली. त्यांचं स्वतःचं नाव यादीत नववं होतं. कुस्ती सोडून त्यांना वीस वर्षं झाली होती, पण दर शनिवारी हौदात बसून दोन पोरांकडून अंगाला माती चोळून घ्यायची सवय होती. पाठीला बरं वाटतं म्हणून. त्यांनी निवेदन छापूनच आणलं होतं आणि जागेचा प्रमुख म्हणून वस्तादाच्या सहीची जागा सोडली होती. त्यात लिहिलं होतं की या तालमीच्या हौदात आजतागायत एकही स्त्री उतरलेली नाही, आणि सदर युवतीचा तालमीशी कोणताही संबंध नाही.

याचा अर्थ काय होतो ते बघा. डबी म्हणते सव्वीसांशी संबंध आहे. तालीम म्हणते मातीतून नाही. मग उरतं काय? पोरगी बदनाम झाली तरी चालेल, माती बाटली नाही पाहिजे, असं त्या कागदात स्वच्छ छापलेलं होतं, आणि खाली तीन सुशिक्षित माणसांच्या सह्या आधीच होत्या.

नलवड्यांनी वस्तादाच्या हातात पेन दिलं. वस्ताद कागदाकडं बघत बसला.

तेवढ्यात दाराबाहेर बायका जमल्या. पंधरा-सोळा असतील. पुढं होत्या शैलजावहिनी, नलवड्यांच्या पत्नी, हायस्कूलात गणित शिकवणाऱ्या. पाटीचा मान ठेवून त्या उंबऱ्याच्या बाहेर उभ्या राहिल्या आणि निवेदन मोठ्यानं वाचायला सांगितलं. मंडळाच्या चिटणीसानं वाचलं.

"अहो," शैलजावहिनी म्हणाल्या, "मग एवढंच सांगा. ती मातीत न्हवती, तर तुम्ही कुठं होता?"

गणित सोपं होतं, आणि नलवडे ते पहिल्यांदाच आपल्या बाजूनं मांडून बघत होते. माती पवित्र ठेवायची तर नवव्या क्रमांकाचं स्पष्टीकरण घरी द्यावं लागणार होतं. जेवताना. रोज. उरलेले चोवीस जण दारातल्या बायकांची नजर चुकवत मातीकडं बघत होते, जणू तीच काहीतरी बोलेल.

बोलला तो वस्ताद. त्यानं पेन कागदावर ठेवलं.

"मातीत हुती. सा वर्सं. मी उतरवली तिला. तुम्ही जेवाय गेला की ती यायची, आन् तुमच्यातल्या एकाला बी जमत न्हाई ती कुस्ती करायची."

नलवडे उठून उभे राहिले. सुटका झाल्याचा आनंद आणि संताप असे दोन्ही त्यांच्या चेहऱ्यावर एकाच वेळी होते, आणि कुणाला पुढं करावं ते त्यांना कळत नव्हतं. शेवटी संतापाला पुढं केलं. वस्तादानं तालमीचा विश्वासघात केला, खोली रिकामी करावी आणि हौदातली सगळी माती बदलावी, असं ते म्हणाले.

"बदला की," वस्ताद म्हणाला. "उद्याच टेम्पो लावा. पर अध्यक्ष, ती माती तुमच्या अंगावर हाय. डबीनंच सांगितलंय. हौद रिकामा कराल, तुमची चामडी कुठं टाकाल?"

पहिल्यांदा हसलं ते दादू चौगुले. मग मागच्या रांगेतलं कुणीतरी. मग दाराबाहेरून बायकांचा असा आवाज आला की माडीवरची पारवं उडाली. ज्यांच्या गाद्या गोठ्यात होत्या ते सगळे एकदम बोलायला लागले, की होय होय, मातीत होती, आम्हाला आधीपासून संशय होता, दुपारनंतर माती जरा जास्तच उकरलेली दिसायची. इतक्या साक्षीदारांनी इतक्या उत्साहात सत्य सांगितल्याचं दुसरं उदाहरण त्या तालुक्यात नसेल. खोली रिकामी करायचा विषय कुणी पुढं काढला नाही. काढला असता तर शैलजावहिनींनी पुढचं गणित घातलं असतं.

त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि त्या आत आल्या. बाकीच्या मागोमाग.

सगळ्यांच्या मागं संयोगिता आईबरोबर उभी होती. ती निवेदनावर थुंकायच्या तयारीनं आली होती. आता तोंडात थुंकीच उरली नव्हती.

*

सह्या तिथंच झाल्या. एकेक जोडपं पुढं यायचं, नवरा सही करायचा, बायको सही करण्याआधी संयोगिताला नीट बघून घ्यायची. दोघीतिघींनी आपल्या पोरींना दुपारी पाठवू काय, असं विचारून घेतलं. नलवड्यांनी सगळ्यांत शेवटी सही केली आणि तारीख चुकवली. वहिनींनी ती खोडून बरोबर घातली.

वस्तादाचा कागद वेगळा होता. जागेचा प्रकार: घर, वसतिगृह, बराक, इतर. त्यानं इतरवर खूण केली आणि तालीम असं लिहिलं. पुढचा रकाना अर्जदाराशी नातं. पती, बंधू, मालक, भाडेकरू, पालक, काही नाही. तिथं त्याचं पेन थांबलं. त्यानं वैशालीला बोलावलं आणि जमिनीकडं बघत विचारलं की मी काही लिहिलं तर तुमची हरकत आहे काय. तुमच्या माघारी, तुम्हाला न विचारता पोरगी मातीत घातली मी.

"माघारी?" वैशाली म्हणाली. "सहा वर्सं रोज तिच्या केसांतली लाल माती मीच धुतोय, वस्ताद. तुम्ही लिवा."

त्यानं पालकवर खूण केली. ती चौकोनाबाहेर गेली, म्हणून त्यानं ती परत केली, जाड.

रेहानानं हौदातल्या मातीचा नमुना घेतला, चार पानांचं टिपण लिहिलं आणि कागदांबरोबर पाठवलं. कंपनीनं माफी मागितली नाही. कंपन्या मागत नाहीत. त्यांनी डबीच्या यादीत तालीम नावाचा एक नवा प्रकार घातला आणि रेहानाला नोकरी देऊ केली. ती तिनं पगार दुप्पट करून घेतली. आणि यंत्रणेनं आपल्या नोंदी सुधारल्या: सत्तावीस जणांचं एक घर, कुटुंबप्रमुख केरबा रानगे. तेव्हापासून वस्तादाला दर महिन्याला कुटुंब मर्यादित ठेवण्याचे निरोप येतात. तो ते पोरांकडून वाचून घेतो आणि पुन्हा वाचायला लावतो.

*

मे महिन्यात त्या लहान गावाच्या लग्नघरात साधारण साठ माणसं बसली होती, पुढच्या रांगेत वैशाली. टेबलावर फुलं, टेबलामागं लाल झगा घातलेली अधिकारी बाई, एका बाजूला ओकान आणि त्याचे वडील, दुसऱ्या बाजूला संयोगिता आणि तिचा साक्षीदार म्हणून केरबा वस्ताद, फेटा बांधून. विमानात त्याला खिडकीजवळची जागा मिळाली होती आणि त्यानं सगळा वेळ डोळे मिटून घेतले होते. ओकानच्या वडलांशी त्याची ओळख दहा मिनिटांत पक्की झाली. दोघांना एकमेकांचा एकच शब्द कळत होता, पैलवान, आणि तो दोघांनी पुन्हा पुन्हा वापरला. मग म्हाताऱ्यानं वस्तादाचे चुरगळलेले कान बोटांनी चाचपले, वस्तादानं त्याचे. पुढं बोलण्यासारखं काही उरलं नाही.

अधिकारी बाईनं विचारलं, कुणाच्या दबावाखाली नाही ना. दोघांनी जोरात होकार दिला. सह्या झाल्या. साक्षीदारांच्या झाल्या. वस्तादानं मराठीत सही केली आणि तिच्याखाली एक रेघ मारली.

आता तिकडं एक रीत आहे. सह्या होताक्षणी नवरा-बायकोपैकी जो आधी दुसऱ्याच्या पायावर पाय देईल, त्याचं घरात चालतं, असं म्हणतात. सगळी सभा त्याचीच वाट बघत असते. ओकाननं हे संयोगिताला सांगितलं नव्हतं. प्रेमात असला तरी माणूस संधी सोडत नाही. त्यानं टेबलाखालून हळूच पाय उचलला आणि तिच्या पायाच्या दिशेनं पुढं टाकला.

ज्या पोरीनं सहा वर्षं रोज दुपारी एकच गोष्ट केली, समोरच्याचा पाय पुढं आला की तो उचलायचा, तिला रीतभात कोण सांगणार. ती बसल्या जागेवरून खाली गेली, दोन्ही हातांनी घोटा धरला आणि वर आली. खुर्ची एकीकडं, नवरदेव दुसरीकडं. ओकान नव्या सुटात गालिच्यावर एका कुशीवर पडला होता, एक पाय बायकोच्या काखेत, आणि खदखदून हसत होता. त्याच्या आईनं तोंडावर रुमाल धरला. अधिकारी बाई उभी राहिली. आतापर्यंत तिनं हजारो लग्नं लावली असतील, पण यासाठी नियमावलीत काही नव्हतं.

संयोगिता ओशाळली. सोडू की नको, अशा नजरेनं तिनं साक्षीदाराच्या खुर्चीकडं बघितलं.

"सोडतीस कशाला," वस्ताद म्हणाला. "खांदं टेकल्यालं न्हाईत अजून."

कानातल्या यंत्रांनी ते साठ माणसांना सभ्य तुर्कीत सांगितलं. ओकानच्या वडलांना यंत्राची गरज लागली नाही. ते आधीच गुडघ्यावर बसून, गाल गालिच्याला लावून, पंचासारखं खांद्यांकडं बघत होते. संयोगितानं पदर खोचला आणि नवऱ्याला हलकेच, पण पूर्ण, उताणा केला. म्हाताऱ्यानं तळहात जमिनीवर आपटला.

मग अधिकारी बाई टेबलाला वळसा घालून आली. लग्नाच्या नोंदीचं लाल पुस्तक तिकडं बायकोच्याच हातात देतात. तिनं ते पुढं केलं, आणि संयोगितानं घोटा न सोडता दुसऱ्या हातानं घेतलं.